१९२५ चं विजेतेपद पॉट्सव्हिलचं होतं, ते त्यांना परत द्या

सह्यकडा

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या दप्तरात १९२५ चा विजेता म्हणून शिकागो कार्डिनल्सची नोंद आहे. माझ्या मते ती नोंद चुकीची आहे. ते विजेतेपद पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिल मरून्स या संघानं मैदानावर जिंकलं होतं आणि लीगनं ते बैठकीच्या खोलीत काढून घेतलं. शंभर वर्षं होत आली, तरी अन्याय तसाच आहे.

अमेरिकन फुटबॉलचा हा काळ फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून आधी पार्श्वभूमी सांगतो. ही लीग १९२० साली ओहायोतल्या कँटन गावात राल्फ हे नावाच्या मोटारविक्रेत्याच्या शोरूममध्ये उभी राहिली. सुरुवातीचे बरेच संघ छोट्या, कारखान्यांच्या गावांतले होते. डेकेटरचा संघ स्टार्च बनवणाऱ्या कंपनीचा होता, ग्रीन बेचा संघ मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीच्या पैशावर सुरू झाला. अंतिम सामना हा प्रकारच नव्हता. प्रत्येक मालक आपापलं वेळापत्रक जुळवायचा, त्यामुळे एक संघ आठ सामने खेळे तर दुसरा चौदा. हंगाम संपला की बरोबरीचे सामने सोडून जिंकण्याची टक्केवारी काढायची आणि विजेता ठरवायचा.

१९२५ मध्ये लीगमध्ये २० संघ होते. पॉट्सव्हिलचं ते पहिलंच वर्ष. गाव जेमतेम २२ हजार वस्तीचं, सगळा व्यवहार अँथ्रासाइट कोळशावर चाललेला. संघाचे मालक डॉ. जॉन स्ट्रीगल हे गावातलेच शल्यविशारद. ६ डिसेंबरला हे मरून्स शिकागोत गेले आणि कार्डिनल्सच्याच घरी, कोमिस्की पार्कवर, त्यांना २१-७ असं हरवून आले. तेव्हा टक्केवारीत दुसरं कोणी पुढे नव्हतं. वर्तमानपत्रांनीही त्यांना विजेते म्हटलं.

सहा दिवसांनी ते फिलाडेल्फियात नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंच्या संघाशी प्रदर्शनी सामना खेळले. १९२४ ला देश गाजवणारे 'फोर हॉर्समेन' हे चार खेळाडू त्या संघात होते. मरून्सच्या चार्ली बेरीनं शेवटी मारलेल्या फील्ड गोलवर, म्हणजे पायानं चेंडू मारून केलेल्या गोलवर, ते ९-७ जिंकले. त्या काळी कॉलेजचं फुटबॉल म्हणजे खरं फुटबॉल आणि पैसे घेऊन खेळणारे म्हणजे भाडोत्री, असंच लोक मानत. ती समजूत ज्या सामन्यांनी मोडायला घेतली त्यांतला हा एक. आणि याच सामन्यासाठी लीगचे अध्यक्ष जो कार यांनी पॉट्सव्हिलला निलंबित केलं. कारण काय, तर फिलाडेल्फिया हे फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स या संघाचं राखीव क्षेत्र होतं, तिथे दुसऱ्या संघानं परवानगीशिवाय खेळायचं नाही.

इकडे ६ डिसेंबरच्या पराभवानंतर कार्डिनल्सनी घाईघाईनं दोन सामने लावले, दोन्ही जिंकले आणि टक्केवारीत वर गेले. मैदानावर ज्यांनी मार खाल्ला, तेच विजेते. हे मला पटत नाही. कोणाला पटत असेल तर कारण सांगा.

नियमावली

मला पटतं. सांगतो.

राखीव क्षेत्र ही किरकोळ बाब नव्हती, त्या लीगचा सगळा डोलारा तिच्यावर होता. तिकीटविक्री सोडली तर संघांना दुसरं उत्पन्नच नव्हतं. फ्रँकफर्डचा संघ त्याच शनिवारी त्याच शहरात आपला लीगचा सामना खेळत होता आणि त्यांचे प्रेक्षक पलीकडे नोत्र दाम बघायला वळत होते. पॉट्सव्हिलला हे ठाऊक होतं. कार यांनी आधीच इशारे दिले होते, तरी ते खेळले. अध्यक्षाचा लेखी इशारा एका लोकप्रिय संघाने धुडकावला आणि अध्यक्ष गप्प बसला, तर उरलेल्या १९ मालकांनी नियम का पाळावेत?

त्या लीगची अवस्थाही बघा. १९२६ मध्ये २२ संघ होते, १९२७ मध्ये १२ उरले. संघ एका हंगामात येत आणि पुढच्या हंगामात नाहीसे होत. कार यांनी १९२२ च्या सुरुवातीला ग्रीन बेचं सदस्यत्वही काढून घेतलं होतं, कारण त्यांनी कॉलेजचे खेळाडू खोट्या नावांनी खेळवले होते. म्हणजे माणूस कोणाचा पक्ष घेणारा नव्हता. त्याच्या करड्या शिस्तीशिवाय आज एनएफएल नावाची गोष्ट उरली नसती, असं मी ठामपणे म्हणतो.

मोनोंगाहेला

मी पेनसिल्व्हेनियात राहते, पिट्सबर्गच्या बाजूला. या राज्यात हा विषय अजून जिवंत आहे. २००३ मध्ये गव्हर्नर एड रेंडेल यांनीही पॉट्सव्हिलची बाजू मांडली होती. त्यावर लीगच्या संघमालकांचं मतदान झालं आणि ते ३० विरुद्ध २ असं फेटाळलं गेलं. बाजूनं पडलेली दोन मतं पिट्सबर्ग स्टीलर्स आणि फिलाडेल्फिया ईगल्सची. त्याआधी १९६३ मध्येही प्रकरण उघडलं होतं, तेव्हा १२-२.

फिलाडेल्फियाबद्दल एक गोष्ट वर राहून गेली आहे. पेनसिल्व्हेनियात रविवारी खेळांना कायद्यानं बंदी होती, म्हणून फ्रँकफर्डला सामने शनिवारी घ्यावे लागत. कोळशाच्या पट्ट्यात मात्र ती बंदी कोणी मनावर घेत नसे, कारण खाणकामगाराला सुट्टी रविवारचीच. त्यामुळे बाहेरगावचा संघ शनिवारी फ्रँकफर्डशी खेळायचा आणि रविवारी पॉट्सव्हिलशी. एका प्रवासात दोन सामन्यांचा पैसा! पॉट्सव्हिलसारखं छोटं गाव लीगला परवडलं ते या सोयीमुळे. दोन्ही संघ एकमेकांच्या आधारानं उभे होते आणि त्यांच्यातच ही ठिणगी पडली, याचं मला फार वाईट वाटतं.

संघही साधा नव्हता. त्या काळात पुष्कळ खेळाडू रविवारी सकाळी गाडीतून उतरायचे, खेळायचे, पाकीट घेऊन परत जायचे. प्रशिक्षक डिक राउच यांनी मात्र खेळाडूंना पॉट्सव्हिलमध्येच राहायला लावलं आणि नियमित सराव घेतला. टोनी लॅटोन लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेला. तो चेंडू घेऊन धावला की त्याला अडवणं कठीण व्हायचं, असं त्याच्याविरुद्ध खेळलेले लोक सांगत. २९ नोव्हेंबरला याच संघानं फ्रँकफर्डला ४९-० असं लोळवलं होतं. नोत्र दामशी खेळायचा मान त्यांनी असा कमावला होता.

नियमावली

४९-० मान्य. पण त्याच हंगामात फ्रँकफर्डनं त्यांना २०-० हरवलंही होतं, तेही सांगायला हवं. आणि चांगला खेळ केला म्हणून दुसऱ्याच्या शहरात तिकिटं विकायचा हक्क मिळत नाही.

सह्यकडा

स्ट्रीगल यांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं: लीगच्या कचेरीतून फोनवर परवानगी मिळाली होती. कार यांनी ते मानलं नाही. आज कोणी ते सिद्ध करू शकणार नाही आणि खोटंही पाडू शकणार नाही, म्हणून मी त्यावर माझा दावा उभा करत नाही.

माझा मुद्दा त्या दोन सामन्यांचा आहे.

कार्डिनल्सचे मालक क्रिस ओब्रायन यांनी १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सना शिकागोत बोलावलं. बॅजर्सचा हंगाम संपला होता, खेळाडू पांगले होते. माणसं कमी पडली म्हणून एंगलवुड हायस्कूलची चार मुलं खोट्या नावांनी त्यांच्याकडून उतरवली. ती जमवून दिली कुणी? आर्ट फोल्झनं, म्हणजे कार्डिनल्सच्याच खेळाडूनं. निकाल ५९-०. आपल्याकडे तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत कुणी नाव बदलून खेळलं तर पंच सामनाच रद्द करतात. इथे व्यावसायिक लीगचा सामना होता आणि समोर शाळकरी पोरं होती.

दोन दिवसांनी हॅमंडच्या संघाला १३-० हरवलं. कार्डिनल्सचा हिशेब झाला ११ विजय, २ पराभव, १ बरोबरी. मरून्सचा १० विजय, २ पराभव.

मिलवॉकीचं बिंग फुटल्यावर कार यांनीच शिक्षा केल्या. बॅजर्सच्या मालकाला ५०० डॉलर दंड आणि संघ विकायचा हुकूम. ओब्रायनना १००० डॉलर. फोल्झवर आजन्म बंदी. हा सामना नोंदीतून काढू असंही कार म्हणाले होते, पण तो आजतागायत काढलेला नाही. आता तो काढून बघा. कार्डिनल्स १०-२-१, पॉट्सव्हिल १०-२. बरोबरी मोजायची नाही या त्या वेळच्या नियमानं दोघांची टक्केवारी एकच, आणि समोरासमोर २१-७.

पिंपळपान

नेमक्या याच हिशेबासाठी लिहितोय. निलंबन क्षणभर विसरू. हॅमंडचा विजय तर कोणी रद्द करत नाही? मग टक्केवारी सारखी होते, पॉट्सव्हिल पुढे जात नाही. 'विजेतेपद आमचंच' हा दावा आकड्यांतून निघत नाही, फार तर विभागून द्या एवढंच निघतं. शिवाय हंगाम २० डिसेंबरपर्यंत चालणार होता, त्यामुळे उशिरा सामने लावणं नियमात बसत होतं. त्या काळी सगळेच असं करत.

सह्यकडा

२० डिसेंबरपर्यंत खेळायची मुभा कार्डिनल्सना होती, पॉट्सव्हिलला मात्र १२ तारखेनंतर खेळूच दिलं नाही. एकाचे हात बांधायचे, दुसऱ्याला मोकळं सोडायचं आणि मग टक्केवारी मोजायची, याला मी बरोबरी म्हणणार नाही.

ॲरिझोनाकर

कार्डिनल्सचा, म्हणजे आता ॲरिझोनात असलेल्या त्याच संघाचा चाहता म्हणून बोलतो. ओब्रायन यांना खलनायक करू नका. ते दोन सामने लावण्यामागे कॉलेज फुटबॉल गाजवलेला रेड ग्रेंज होता. कॉलेजचा हंगाम संपताच ग्रेंज शिकागो बेअर्स या दुसऱ्या संघाकडे आला होता आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशी कार्डिनल्सविरुद्धचा त्याचा पहिला सामना बघायला ३६ हजार लोक आले होते. तो ०-० सुटला. इतका गल्ला त्या संघानं कधी पाहिला नव्हता. पुन्हा विजेतेपदाच्या शर्यतीत आलो तर बेअर्स परत खेळतील, ही त्यांची आशा होती. उद्देश पैशाचा होता, आणि तेव्हा पैशाशिवाय संघ जगत नव्हता.

आणि लीगच्या बैठकीत कार्डिनल्सना विजेते करायची वेळ आली तेव्हा याच ओब्रायननी नकार दिला. ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांच्या डोक्यावरून विजेतेपद घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तेवढी सचोटी त्या प्रकरणात दुसऱ्या कोणी दाखवली नाही. १९३३ मध्ये चार्ल्स बिडविल यांनी संघ घेतल्यानंतर क्लबनं या विजेतेपदावर हक्क सांगायला सुरुवात केली. आजही संघ त्याच घराण्याकडे आहे.

या संघाचं दुसरं विजेतेपद १९४७ चं, त्यानंतर एकही नाही. काही जण त्याला पॉट्सव्हिलचा शाप म्हणतात. मला ते बोलणं आवडत नाही, कारण त्यात दोन्ही गावांच्या खेळाडूंचे कष्ट झाकले जातात. माझं मत विचाराल तर १९२५ पुढे दोन्ही नावं लिहा.

नियमावली

दोन नावांनी प्रश्न सुटत नाही. १९२१ चं काय करणार? बफेलो ऑल-अमेरिकन्स नोव्हेंबरात शिकागोच्या स्टेलीजना हरवून बसले होते. डिसेंबरात पुन्हा भेट झाली, स्टेलीज १०-७ जिंकले. बफेलोचे मालक म्हणाले तो प्रदर्शनी सामना होता, लीग म्हणाली मोजायचा, आणि विजेतेपद स्टेलीजना, म्हणजे आजच्या बेअर्सना गेलं. १९२५ उघडलं की बफेलोचे लोक दार ठोठावणार. त्या दशकातली काही विजेतेपदं बैठकीत मतांनी ठरली आहेत. १९२० चं ॲक्रन प्रोजचंसुद्धा १९२१ च्या एप्रिलमध्ये मतदानानं दिलं गेलं. कुठवर उकरायचं?

मोनोंगाहेला

ॲक्रन त्या वर्षी एकही सामना हरले नव्हते, ८-०-३. फ्रिट्झ पोलार्डसारखा कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्या आक्रमणाचा कणा होता. ते मत मैदानाला धरून होतं. १९२५ मध्ये मैदान एक सांगतं आणि नोंद दुसरं.

शिवाय लीगनं पॉट्सव्हिलला १९२६ मध्ये परत घेतलंच की! ग्रेंज आणि त्याच्या व्यवस्थापकानं तेव्हा नवी प्रतिस्पर्धी लीग काढली होती आणि मरून्स तिकडे जातील ही धास्ती होती. गरज पडली तेव्हा गुन्हा माफ झाला, फक्त विजेतेपद तेवढं राहून गेलं. फोल्झची आजन्म बंदीसुद्धा पुढे उठवली. मग सगळ्यात जड शिक्षा नेमकी याच गावाला कायमची का?

नियमावली

कारण निलंबित संघ त्या हंगामाचा विजेता असू शकत नाही. परत घेणं पुढच्या हंगामापुरतं होतं. माझं मत तेच आहे.

सह्यकडा

बफेलोचं प्रकरण उघडायलाही माझी ना नाही. दप्तर जुनं आहे म्हणून ते चुकीचं ठेवावं असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि अशी किती प्रकरणं आहेत? हाताच्या बोटांवर मोजता येतील.

दोन नावांच्या सूचनेवर मात्र माझं मत बदललेलं नाही, मला एकच नाव हवं आहे. पण मालकांपुढे पुढच्या वेळी हा विषय गेला तर पहिली मागणी मिलवॉकीच्या सामन्याची ठेवावी. तो काढून टाकायचं अध्यक्षांनी स्वतः कबूल केलं होतं. त्यासाठी पॉट्सव्हिलला माफ करावं लागत नाही, कार यांना चूक ठरवावं लागत नाही, राखीव क्षेत्राचा नियमही मोडत नाही. 'नियमावली', तुमच्याच कसोटीवर विचारतो: शाळकरी मुलांविरुद्धचा ५९-० हा निकाल अधिकृत नोंदीत ठेवायला तुमची संमती आहे का?

नियमावली

नाही. तो सामना काढायला हवा, यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. निलंबनावर आहे.