घोडनवरा, बिजवर... आणि प्रेमाला काय म्हणायचं?

काल 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं' (२०१३) पुन्हा पाहिला. मृणाल कुलकर्णी, सचिन खेडेकर. आधीचा संसार विस्कटलेला, पदरात मुलं, आणि त्या वयात पुन्हा कुणीतरी आवडू लागतं. आईला गोष्ट सांगताना 'चाळिशीतलं प्रेम' म्हणाले, तर ती म्हणते, "म्हणजे चष्म्यातलं?" या प्रेमाला मराठीत साधा, न टोचणारा शब्द आहे का?

–

टोचणारे हवे तेवढे आहेत! म्हातारचळ, हिरवटपणा, 'या वयात थेरं'. घोडनवरीतला 'घोड' घोडचुकीतला, म्हणजे अवाजवी मोठा. एके काळी विशीतल्या मुलीलाही घोडनवरी म्हणून मोकळे व्हायचे. चाळिशीतलीला काय म्हटलं असतं कोण जाणे.

–

'बिजवर' विसरलात. भाऊबीजेतली बीज म्हणजे द्वितीया, तीच इथे. दुसरेपणाचा वर. शब्दात टोमणा नाही, नुसता हिशेब. बाईसाठी मात्र असा हिशेबी शब्द नाही. तिचा 'पाट लावत', काही भागांत 'म्होतूर' (मुहूर्ताचं बोलीतलं रूप). पांढरपेशांत तेही नव्हतं, म्हणून सुधारकांना 'पुनर्विवाह' हा शब्द चालवावा लागला. धोंडो केशव कर्व्यांचं १८९३ सालचं लग्न घ्या. पहिली पत्नी वारलेली, म्हणजे ते स्वतः बिजवर. पण त्या लग्नाला पुनर्विवाह म्हणतात तो गोदूबाई विधवा होत्या म्हणून. त्यांनी कुमारिका केली असती तर ते नुसतं लग्न ठरलं असतं, अन् गावजेवणही झालं असतं.

–

सगळं खरं, पण हे लग्नाचे शब्द झाले. विचारलंय प्रेमाबद्दल. 'उतारवय' चाळिशीला लावलंत तर मी भांडेन. 'प्रौढ प्रेम' म्हटलं की प्रौढ शिक्षण आठवतं, रात्रशाळा, कंदील वगैरे. मला वाटतं नामाच्या मागे लागूच नये, क्रियापद घ्यावं. 'त्यांचं जमलंय.' विशीतल्यांना चालतं, पन्नाशीतल्यांनाही. वय विचारत नाही.

–

आईला हेच सांगून पाहिलं. "त्यांचं सूत जुळतं," म्हणाले. लगेच कळलं तिला.

–

'जमलं' ठेवा हो. 'सूत जुळलं' वाचलं की मला पुढच्या ओळीत पोलीस ठाण्याचं नाव दिसायला लागतं.