जागच्या जागी उडणाऱ्या माशीला काय म्हणायचं?

गिरणाकाठ
आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक इंग्रजी लेख मराठीत उतरवतोय. विषय हॉव्हरफ्लाय, म्हणजे शेतीच्या पत्रकांत जिला 'सिरफिड माशी' म्हणतात ती, आणि तिचं वर्गीकरण करणारे जुने निसर्गअभ्यासक. पहिल्याच वाक्याला अडलो. ही माशी हवेत 'हॉव्हर' करते, एवढंच ते वाक्य. मी लिहिलं, 'फुलांवर घिरट्या घालते'. सातवीतल्या पुतणीने वाचलं आणि म्हणाली, "काका, पण ती फिरत कुठे? ती तर थांबते."

घरामागे कोथिंबीर फुलावर आलीय. सकाळी नऊच्या उन्हात आम्ही दोघं तिथे उकिडवे बसलो. पोरीचं खरं होतं. फुलापासून वीतभर वर माशी खिळ्याला टांगल्यासारखी थांबते. पंख दिसत नाहीत, दोन्ही अंगांना नुसता धुरकट डाग दिसतो. वाऱ्याने फूल डोललं, माशी मात्र होती तिथेच. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत हातभर बाजूला सरकली आणि तिथे पुन्हा तशीच थांबली. याला घिरट्या म्हणता येणार नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. 'हॉव्हर'ला आपल्याकडे क्रियापद आहे का? आणि या माशीला पोरांच्या तोंडी बसेल असं नाव कोणतं? फलक रंगवणाऱ्याला सोमवारी मजकूर द्यायचा आहे.

शब्दवेल्हाळ
मला घिरटी शब्दात घेर ऐकू येतो. घार घिरट्या घालते, कारण ती गोल फिरते. भिरभिरणं म्हणजे इकडून तिकडे. तरंगायला खाली पाणी लागतं, नाहीतर सावरीच्या म्हातारीसारखं हलकं अंग लागतं, आणि त्यात कष्ट नाहीत. ही माशी तर जिवाच्या आकांताने पंख मारत असते. घोंघावणं कानाचं क्रियापद आहे, डोळ्यांचं नाही. थोडक्यात, क्रियापद नाही.

पण नावासाठी क्रियापदच कशाला हवं? जर्मन लोक तिला 'श्वेबफ्लीगे' म्हणतात, त्यात अधांतरी राहणं आहे. स्वीडिश 'ब्लुमफ्लूगा' म्हणतात, म्हणजे सरळ फूलमाशी. अमेरिकेतही फ्लॉवर फ्लाय चालतं. आपणही 'फूलमाशी' म्हणावं. गोड आहे, सोपा आहे.

दादरवाला
शब्दवेल्हाळ भाऊ, शेतकऱ्याच्या कानाने ऐका. खोडमाशी खोड खाते. फळमाशी फळ नासवते. मग 'फूलमाशी' ऐकल्यावर माणूस काय समजेल? फुलोरा खाणारी कीड. आणि पंप काढेल.

हे अंगावर आलेलं आहे म्हणून सांगतो. चार वर्षांमागे आमच्या दादर ज्वारीवर मावा आला, पानाचा रस शोषणारी ती बारीक कीड. पानं चिकट्याने तेल लावल्यासारखी चमकत होती. पान उलटून पाहिलं तर माव्याच्या गर्दीत हिरवट-पांढऱ्या अळ्या, एका टोकाला निमुळत्या. औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं, मावा आहे आणि अळीपण आहे. त्याने दोन औषधं दिली, मी दोन्ही मारली. मावा पंधरा दिवसांत परत आला. अळ्या परत आल्या नाहीत.

पुढच्या साली एका जाणत्याने शेजारच्या शेतात भिंगातून दाखवलं, तेव्हा मला कळलं मी काय मारलं होतं. त्या अळीला पाय नसतात, डोळे नसतात. पुढचं टोक डावीकडे-उजवीकडे फिरवत ती चाचपडते. मावा लागला की त्याला पानावरून उचलून हवेत धरते, शोषून घेते आणि रिकामं कातडं टाकून देते. लगेच दुसरा. मोठी होईपर्यंत एकेक अळी असे शेकडो फस्त करते. हीच ती सिरफिड माशीची अळी. तुम्ही माशीला नाव शोधताय, मला आधी अळीला नाव हवंय. बोंडअळीही अळी, घाटेअळीही अळी आणि हीसुद्धा अळी, तर दुकानदार वेगळं औषध देईल कशाला?

संज्ञाकोश
दादरवाला यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं आहे. आपल्या भाषेत कीटकांची नावं ढिली आहेत. 'माशी' हाच शब्द घ्या. मधमाशी माशी नाही, तिला चार पंख. गांधीलमाशी माशी नाही. पांढरी माशी तर माव्याची नातलग, रस शोषणारी. खरी माशी म्हणजे दोन पंखांची. मागच्या जोडीच्या जागी तिला टाचणीच्या डोक्यासारखे दोन खुंट असतात, ते उडताना तोल सांभाळतात. हॉव्हरफ्लाय या खऱ्या माश्यांतली आहे, तरी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांमुळे लोक तिला मधमाशी समजतात.

अमरकोशात मधमाशीला 'सरघा' असा स्वतंत्र शब्द आहे. रानमाशीला 'दंश' आहे, त्याचाच आपला डास झाला. इतके नेमके शब्द आपण हरवले. ते परत आणावेत, आणि या माशीला 'स्थिरमक्षिका' म्हणावं. अर्थ चोख आहे, कुणाचा गैरसमज होणार नाही.

अमळनेरी
गैरसमज होणार नाही कारण समजच होणार नाही! ताई म्हणू की दादा माहीत नाही, पण 'सरघा' म्हटल्यावर आमच्या गल्लीत कुणी ओळखेल का? मधमाशी शब्द कुणी ढिला म्हणून वापरत नाही, तो पिढ्यांनी वापरून घट्ट केलेला शब्द आहे. आणि अमरकोशाचं म्हणाल तर तिथेही सरघेला लागूनच मधुमक्षिका आहे. म्हणजे तेव्हाही लोक तिला माशीच म्हणत होते.

आमच्या घरात या माशीला नाव होतं. आजी वांग्याच्या वाफ्यात बसलेली असायची, मी माशी उडवायला हात उगारला की म्हणायची, "मारू नको रे, उभी माशी शे ती. चावस नही." मग बोट पुढे धरायची. माशी खरंच येऊन बोटावरचा घाम चाटायची. बारीक गुदगुल्या व्हायच्या. आजी म्हणायची, "तिले डोयाच डोया शेतस." ते डोळे मला अजून आठवतात, विटकरी, सगळं डोकं व्यापणारे.

उभी माशी. क्रियापदही त्यातच आलं की. हवेत उभी राहते.

पांझराकाठची
मीही अहिराणी घरातली आहे, आयुष्य धुळ्यात गेलं, पण 'उभी माशी' कधी ऐकलं नाही. तुमच्या आजींचा स्वतःचा शब्द असेल. त्यात वाईट काही नाही, फक्त 'खान्देशात असं म्हणतात' म्हणून फलकावर जाऊ नये एवढंच.

दुसरं, उभी म्हटलं की मला उभी रेघ आठवते. ही माशी तर आडवी असते.

अमळनेरी
उभं पीक म्हणता तेव्हा रेघ आठवते का? गाडी फाट्यावर उभी आहे म्हणता, ती काय शेपटीवर असते? उभं म्हणजे आहे तिथे टिकून असलेलं. आणि एका घराचा शब्द खरा शब्द नसतो हे मला मान्य नाही. सगळे शब्द आधी कुठल्या तरी एकाच घरात होते.

सातपुडा पायथा
पक्षी बघणाऱ्यांचा अनुभव सांगतो. कपाशीच्या रानावर पांढुरकी कापशी घार असते, ती हवेत एका जागी थांबून खाली उंदीर शोधते. धरणावर कवड्या खंड्या तेच करतो, मग सूर मारतो. दोघांसाठी आम्ही वहीत 'जागच्या जागी फडफडते' असंच लिहितो. वीस वर्षं लिहितोय, कुणाचं अडलं नाही. मराठीला एकच क्रियापद लागत नाही, 'जागच्या जागी' हे दोन शब्द सगळं काम करतात. गिरणाकाठ, तुमचं वाक्य असं करा: ही माशी हवेत जागच्या जागी उडत राहते. झालं.

माशीच्या नावाचं मात्र मला कळत नाही. पोरं चतुराला हेलिकॉप्टर म्हणतात, तेही मला गोडच वाटतं.

गिरणाकाठ
सातपुडा भाऊ, वाक्य घेतलं. मनापासून आभार. नाव अजून राहिलंय.

या भांडणावरून लेखातलीच एक गोष्ट आठवली. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत यांतल्या कितीतरी जाती 'मुस्का' याच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, टाकल्या. मुस्का म्हणजे लॅटिनमध्ये माशी. आपल्यासारखंच, दिसली की माशी. त्याचा शिष्य फाब्रिसियस, त्याने १७७५ साली 'सिर्फस' ही प्रजाती वेगळी काढली. शब्द ग्रीक, अर्थ चिलटासारखा बारीक किडा. म्हणजे त्यानेही बोलीतलाच शब्द उचलला. पुढे १८०२ साली लात्रेई या फ्रेंच अभ्यासकाने सगळं कुळ वेगळं केलं. भारतातले किडे फाब्रिसियसकडे तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीतून जायचे. माव्यावर आपल्याकडे नेहमी दिसणारी इस्किओडॉन स्कुटेलारिस, तिचं वर्णन त्याचंच, १८०५ चं.

लात्रेईची कथा पुतणीला फार आवडली. तो धर्मगुरू होता. फ्रेंच क्रांतीच्या काळात त्याला बोर्दोच्या तुरुंगात टाकलं. तिथे कोठडीच्या फरशीवर त्याला एक भुंगेरा सापडला, लाल मानेचा. तो दुर्मीळ आहे हे त्याने ओळखलं आणि कैदी तपासायला आलेल्या वैद्याला दाखवला. भुंगेरा गेला पंधरा वर्षांच्या एका निसर्गवेड्या मुलाकडे, बोरी द सें व्हेंसां त्याचं नाव. त्याने ओळखी वापरून लात्रेईला सोडवलं. बाकीचे कैदी महिन्याभरात मेले. पुतणीने विचारलं, "तो किडा त्याने ओळखला नसता तर?" मला उत्तर सुचलं नाही.

शब्दवेल्हाळ
सुंदर. आणि नावांवर भांडणारे आपण पहिले नाही. माश्यांच्या अभ्यासाचा जनक मानतात तो जर्मन माइगेन, त्याने १८०० साली एका छोट्या पुस्तिकेत प्रजातींना नावं दिली आणि १८०३ मध्ये स्वतःच बदलून दुसरी दिली. लोकांनी दुसरी उचलली. शंभर वर्षांनी, १९०८ साली, हेंडेल नावाच्या अभ्यासकाने जुनी पुस्तिका वर काढली आणि नियमाप्रमाणे आधीचं नाव खरं, असा आग्रह धरला. अभ्यासकांत दोन तट पडले, एकाच माशीला दोन-दोन नावं चालली. शेवटी १९६३ मध्ये प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १८०० ची नावं बाद केली. वापरातली राहिली. म्हणून म्हणतो, संज्ञाकोश, 'स्थिरमक्षिका' कितीही चोख असो, वापर जिंकतो.

संज्ञाकोश
त्याच गोष्टीचा मी उलटा अर्थ घेतो. आयोग बसला, नियम होता, म्हणून भांडण मिटलं. आपल्याकडे तो नियमच नाही. शेतीच्या पत्रकात सिरफिड, शाळेच्या फलकावर तिसरंच, अमळनेरी यांच्या घरी उभी. अशाने दादरवाल्यांच्या दुकानदाराला कधीच कळणार नाही. आणि वर्गीकरणाचं काम आपल्याकडच्या माश्यांवर झालेलंच आहे. कोलकात्यात राहिलेला ब्रुनेट्टी, पेशाने संगीतकार, त्याने १९२३ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या जीवसृष्टीवरच्या इंग्रजी ग्रंथमालेत या कुळाचा भाग लिहिला. शंभर वर्षं झाली, आणि आपल्याला मराठी नाव देता येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पांझराकाठची
वाईट मलाही वाटतं. पण नाव वरून लादू नये. दिसतं त्यावरून द्यावं. युरोपातल्या एका नेहमीच्या जातीचं लॅटिन नाव 'बाल्टेआटुस' आहे, १७७६ साली द गेअरने दिलेलं. अर्थ, पट्टा बांधलेली. आपल्या पोरांच्या कमरेला करगोटा असतो, तसाच हिच्या पोटावर काळा पट्टा. 'करगोटी माशी' म्हणून पाहा. कुणालाही विचारावं लागणार नाही.

अमळनेरी
करगोटी माशी छान आहे. पण पट्टे मधमाशीलाही असतात आणि गांधीलमाशीलाही. नुसत्या पट्ट्यांवर गेलं की माणूस फसतो, तेच तर तिचं साधन. चिमण्या-पाखरं याच पट्ट्यांना भिऊन तिला सोडतात. फार जुने ग्रीक-रोमन लोकही असेच फसले. त्यांची समजूत होती की मेलेल्या बैलाच्या कलेवरातून मधमाश्या जन्मतात. ऑस्टेन-साकेन नावाचा रशियाचा वकिलातीतला माणूस, त्याने १८९४ साली दाखवलं की त्या मधमाश्या नव्हत्याच, याच कुळातल्या एरिस्टॅलिस माश्या होत्या. त्यांच्या अळ्या सडक्या पाण्यात वाढतात, शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेतात. हजारो वर्षं शहाणी माणसं फसली, कारण त्यांनी पट्टे पाहिले. उभं राहणं पाहिलं असतं तर फसली नसती. मी उभीवर ठाम आहे.

दादरवाला
सगळ्यांचं वाचलं. माझ्या अळीचं कुणीच बोललं नाही.

सातपुडा पायथा
दादरवाला आबा, 'मावाखाऊ' म्हणा. ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या, पिल्लांनाही आमच्याकडे काही जण तेच म्हणतात, पण दोन्ही मित्रच, तेव्हा नुकसान नाही.

दादरवाला
मावाखाऊ. हे दुकानात बोलता येईल. 'मावा आहे आणि मावाखाऊ पण आहे', म्हटल्यावर तो काय औषध देईल ते बघतो.

पांझराकाठची
दादरवाला आबा, तुम्ही पानावरच्या चिकट्याचं लिहिलंत म्हणून विचारते. आमच्याकडे चिकटा म्हणजे कणसातून मधासारखा थेंब गळतो तो. ती बुरशी असते. तुम्ही माव्याच्या चिकटपणाला चिकटा म्हणता, दोन्हींना एकच शब्द कसा?

दादरवाला
ताई, आमच्याकडे दोन्ही चिकटाच. पानावर असला तर वरच्या पानाच्या खालून मावा बघायचा, कणसात असला तर दाण्याच्या जागी बघायचं. वेगळा शब्द कधी लागला नाही.

संज्ञाकोश
लागला नाही कसा? एकाला मावा कारण, दुसऱ्याला बुरशी. औषध वेगळं. इथेही तोच घोळ.

अमळनेरी
आमच्या आजीकडे कणसातल्यासाठी वेगळा शब्द होता. आईला विचारून सांगतो.