गिझर बंद करायची सवय मेंदूला लावता येते का?

कवडसा
वय 54. माझी एकच चूक वर्षानुवर्षं चालू आहे: अंघोळ करून बाहेर येते आणि गिझर तसाच राहतो. परवा संध्याकाळी लेकीने नळ सोडला आणि ओरडलीच, पाणी कढत. सकाळी सहाला लावलेला गिझर संध्याकाळी सातपर्यंत चालू होता. दारावर चिठ्ठी लावली होती. आठवडाभरानंतर चिठ्ठी तिथेच, पण मला दिसेनाशी झाली. वीज वाया गेली की जिवाला लागतं, म्हणून विचारते. या वयात मेंदूला वळण लागतं का?

औदुंबर
लागतं. 2004 साली जर्मनीत तरुणांकडून तीन महिने तीन चेंडू उडवून झेलायचा सराव करून घेतला, तेव्हा हलत्या वस्तूंचा माग ठेवणारा मेंदूचा भाग स्कॅनमध्ये वाढलेला दिसला. 2008 साली साठीच्या आसपासच्या लोकांवर तसाच प्रयोग झाला. हाताला तितकी सफाई आली नाही, पण वाढ त्यांच्यातही दिसली. सराव सुटल्यावर मात्र ती ओसरली.

चिठ्ठी रोज तीच, तिथेच, म्हणून मेंदूने ती भिंतीतच जमा केली. खूण अशी हवी, जी तुमच्या हातून रोज घडतेच. बटण बाथरूमबाहेर असेल तर कडी हीच खूण धरा: 'कडी काढली, हात कोरडा केला, बटण.' शब्द बदलू नका. 'अमुक झालं की तमुक करीन' असा निश्चय नुसत्या 'लक्षात ठेवीन'पेक्षा टिकतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 साली मांडलंय.

आणि रात्री पडल्या पडल्या मनात तेवढंच दहा वेळा करून बघा. कडीचा गार स्पर्श, बटणाचा खटका, दिवा विझणं, सगळं. 1995 च्या एका प्रयोगात पाच दिवस पियानो नुसता मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतही बोटांचा नकाशा, म्हणजे बोटं चालवणारा भाग, बदलला होता.

पाणवठा
एक भर घालतो. सगळ्याच गोष्टींसाठी मन राबवू नका. सेट-टॉप बॉक्स नुसता उभा राहून 10 वॅट खात असेल तर वर्षाला साधारण 88 युनिट होतात. त्याला बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड लावा. तुमच्या गिझरला टायमर लावता आला तर तोही लावाच. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट पुरतो, 2000 वॅटच्या गिझरला जेमतेम सोळा मिनिटं. पुढे दिवसभर पाणी निवतं आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवत बसतो.

औदुंबर
टायमर लावा, पण सराव सोडू नका. घरातले दिवे, पंखे, चार्जर यांना टायमर कुठून आणणार?

कवडसा
तीन आठवडे झाले. टायमर अजून लावलेला नाही, आधी हेच करून बघायचं होतं. पहिले आठ दिवस कडी काढताना मनातल्या मनात वाक्य म्हणत होते. नवव्या दिवशी फोन वाजला, धावले, विसरले, आणि फार वाईट वाटलं. आज सकाळी बाहेर येऊन केस पुसत होते, गिझरची आठवण झाली म्हणून वळून बघितलं, तर लाल दिवा विझलेला होता. कधी बंद केला, आठवत नाही.

औदुंबर
हेच हवं होतं! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सवयींचा अभ्यास झाला, त्यात कुणाला 18 दिवस लागले, कुणाचा अंदाज 254 वर गेला, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. कडी चालू ठेवा, पुढच्या महिन्यात पंखा बंद करायची सवय हाती घ्या.