मदत हवी आहे: माझी वॅगनआर देऊन मित्राची एर्टिगा घेऊ का?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2014 ची पेट्रोल वॅगनआर आहे, पुण्यातच चालते. मित्र त्याची 2017 ची डिझेल एर्टिगा देतोय. माझी गाडी आणि वर काही रक्कम, असा व्यवहार. आई-बाबा आता आमच्याकडेच असतात, गावी कोकणात जाताना मागे तिघं दाटीवाटीने बसतात, म्हणून मन ओढ घेतंय.

पण रोजचं माझं ऑफिस जवळ आहे. इतक्या कमी रनिंगला डिझेल परवडेल का? ट्रायल घेतली तेव्हा पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने जास्त झिजलेले दिसले. नुसतं अलाइनमेंट की सस्पेन्शनचं काम निघेल? मित्र सरळ माणूस आहे, तरीही आपला मेकॅनिक नेऊन गाडी लिफ्टवर चढवून बघावी म्हणतोय. त्याला वाईट न वाटता हे कसं सांगू?

मालकी नावावर करायला आरटीओचे फॉर्म 29, 30 आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागेल हे ठाऊक आहे. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, हेही. वरची रक्कम ठरवताना मात्र दोन्ही गाड्यांची किंमत कुठून काढायची? असा अदलाबदलीचा व्यवहार कुणी केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.