लेझर स्पेकल: मिशा हलवल्यावर रक्तप्रवाहातली वाढ जेमतेमच दिसते

सूक्ष्मदर्शी:
लेझर स्पेकलने, म्हणजे लेझरच्या उजेडात दिसणाऱ्या दाणेदार ठिपक्यांवरून, मेंदूतला रक्तप्रवाह मोजतोय: रक्त वेगाने वाहतं तिथे ठिपके पुसट होतात, कॉन्ट्रास्ट घटतो. रॅटच्या बॅरल कॉर्टेक्सवरची (मेंदूच्या पृष्ठभागावरचा, मिशांचा स्पर्श ओळखणारा भाग) कवटी घासून पातळ केली आहे. ७८५ नॅनोमीटरचा लेझर डायोड, एक्स्पोजर ५ मिलिसेकंद, पिक्सेल ५.५ मायक्रॉन, विवर्धन १, लेन्स एफ १.४ वर पूर्ण उघडी. विरुद्ध बाजूच्या मिशा ५ हर्ट्झने १० सेकंद हलवायच्या, मग २० सेकंद थांबायचं, अशा १० फेऱ्या. भूल २ टक्के आयसोफ्लुरेनची (श्वासातून द्यायचं औषध). आधी दहा-दहा फ्रेमची सरासरी घेतो, मग ७ बाय ७ पिक्सेलच्या खिडकीत कॉन्ट्रास्ट काढतो. मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात, पण कॉन्ट्रास्टमधला फरक २ टक्क्यांच्या आतच आणि तोही गोंगाटात. काय चुकतंय?

प्रकाशवाट:
सगळ्यात आधी सरासरीचा क्रम बदला. कच्च्या फ्रेमची सरासरी घेतली की ठिपके एकमेकांत मिसळून पुसले जातात. एक्स्पोजर ५ मिलिसेकंदांचं राहतच नाही. प्रत्येक फ्रेमचा कॉन्ट्रास्ट स्वतंत्र काढा आणि मग त्या नकाशांची सरासरी घ्या.

दुसरं ऍपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड; एफ-आकडा मोठा तितकं ते लहान. ठिपक्याचा आकार म्हणजे २.४४ × तरंगलांबी × (१ + विवर्धन) × एफ-आकडा. तुमच्या मांडणीत तो ५.४ मायक्रॉन येतो, म्हणजे एका पिक्सेलएवढाच. निदान दोन पिक्सेल हवेत. एफ २.८ वर १०.७ येतो, तोही काठावरच. एफ ४ वर १५.३, ते उत्तम. उजेड कमी पडला तर लेझरची शक्ती वाढवा, एक्स्पोजर नको. ऑटो-गेन (कॅमेऱ्याने आपोआप उजळपणा बदलणं) बंद आणि गॅमा १ (आकडा उजेडाच्या सरळ प्रमाणात) ठेवा. झाकण लावून घेतलेली काळी फ्रेम वजा करायला विसरू नका.

आणि कॉन्ट्रास्टचा फरक म्हणजे प्रवाहाचा फरक नव्हे. सोप्या गणितात प्रवाह कॉन्ट्रास्टच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरतात: कॉन्ट्रास्ट ५ टक्के घटला तर प्रवाह सुमारे ११ टक्के वाढलेला असतो. कवटीचा थर जाड राहिला तर न हलणाऱ्या हाडातून विखुरलेला प्रकाश मिसळतो आणि वाढ खरीपेक्षा कमी दिसते.

शरीरक्रिया:
प्रकाशाचं वर आलंच आहे, पण माझा संशय भुलीवर जास्त आहे. २ टक्के आयसोफ्लुरेनने रक्तवाहिन्या आधीच फुगलेल्या असतात आणि कॉर्टेक्सही दबलेलं असतं. मग मिशांमुळे वाढायला वाव कुठे उरतो? शस्त्रक्रिया झाली की १ ते १.२ टक्क्यांवर या, आणि पंजा चिमटून भूल पुरेशी आहे ना ते बघत राहा. धमनीतला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास हवा. श्वास मंदावून तो चढला की हीच अडचण दुसऱ्या वाटेने येते. शरीराचं तापमान ३७ अंश ठेवा.

फेऱ्यांचं वेळापत्रकही बदला. रक्तवाहिन्या स्वतःहून साधारण ०.१ हर्ट्झने आकुंचन-प्रसरण पावतात. तुमचं चक्र बरोबर ३० सेकंदांचं, म्हणजे ती लाट दर वेळी जवळपास त्याच टप्प्यावर सापडते आणि सरासरीत टिकून राहते. मधला वेळ ४० ते ६० सेकंदांत अनियमित ठेवा, फेऱ्या ३० करा, आणि मध्येमध्ये मिशा न हलवता रिकाम्या फेऱ्या घ्या. प्रवाह सगळीकडे सारखाच वाढला तर रक्तदाब चढला असावा. तो बॅरलचा प्रतिसाद समजू नका.

सूक्ष्मदर्शी:
आभार. भुलीसाठी युरेथेन वापरलं तर? तोच रॅट पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यायचा आहे.

शरीरक्रिया:
मग युरेथेन अजिबात नको. त्याच्या भुलीतून प्राण्याला पुन्हा उठवत नाहीत. ते फक्त अखेरच्या प्रयोगासाठी. शिवाय ते कर्करोगकारक आहे, पूड फ्यूम हूडमध्ये हातमोजे घालूनच हाताळावी लागते. पुन्हापुन्हा मापन करायचं तर मेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध बघा. त्याचा परिणाम ऍटिपामेझोल या उताऱ्याने उलटवता येतो. मात्र मेडेटोमिडीन स्वतः रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे आयसोफ्लुरेनचे जुने आकडे त्याच आलेखात मिसळू नका.