अनुभव धागा : दोघं, दोन सायकली आणि शेजारी पाणी

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघांनी बोडेनझेला, म्हणजे कॉन्स्टन्स सरोवराला, सायकलने प्रदक्षिणा घातली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांच्या काठाने जाणारी ही वाट साधारण २६० किलोमीटरची. आम्हाला सहा दिवस लागले. आल्यापासून जो भेटतो तो रस्ते कसे होते, राहायची सोय कशी होती, हेच विचारतो. मला मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. नवऱ्याचा वेग माझ्यापेक्षा ताशी चार-पाच किलोमीटरने जास्त. एरवी त्याने काही अडत नाही. पण सहा दिवस, रोज चार-पाच तास बरोबर चालवायची म्हटलं की सगळं तिथेच येऊन अडतं.

पहिल्या दिवशी तो पुढे जायचा, वळणावर थांबायचा आणि मी पोचले की लगेच पॅडलवर पाय ठेवायचा. म्हणजे विश्रांती त्याची झालेली, माझी नाही. त्यात कॉन्स्टन्स शहराहून उत्तरेला निघालं की बोडानरूकची टेकाडं ओलांडावी लागतात. सरोवराकाठची वाट म्हणून मी सपाट रस्त्याची तयारी करून गेले होते. उबरलिंगेन येईपर्यंत मी त्याच्याशी बोलायची बंद झाले होते. रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "मी पोचल्यावर पाच मिनिटं थांबायचं, मग निघायचं." दुसऱ्या सकाळी त्याने न सांगता माझी सायकल पुढे लावली आणि स्वतः मागे राहिला. तिथून सहलीचा रंगच पालटला. उंटरउलडिंगेनला पाण्यातल्या खांबांवर उभारलेली घरं आहेत, अश्मयुगात आणि कांस्ययुगात या काठावर माणसं कशी राहायची ते दाखवणारी. तिथे मी दोन तास रमले, कारण पुढे जाऊन कुणी माझी वाट बघत नव्हतं.

आम्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलो. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे सरोवर कायम आपल्या बाजूला राहतं. जाणाऱ्यांना माझा हाच सल्ला.

आणखी एक सांगते. काठावर जागोजागी नारिंगी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराचा वारा येणार, ९० वेळा लुकलुकले तर वादळ. आहेत होड्यांसाठी, पण सायकलवाल्यानेही बघावेत. लिंडाऊच्या अलीकडे ते भराभर लुकलुकायला लागले. ब्रेगेन्झ तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटर, त्यामुळे त्याला रेटून न्यावंसं वाटत होतं. मी नाही म्हटलं. पुढे मी होते, म्हणून माझं "नाही" चाललं. अर्ध्या तासात सरोवर शिशाच्या रंगाचं झालं आणि झाडं आडवी व्हायला लागली. आम्ही एका बसथांब्याच्या आडोशाला दोन तास खांद्याला खांदा लावून बसलो होतो. त्या सहा दिवसांतले मला सगळ्यात जास्त आठवतात ते हेच दोन तास.

तुम्ही जोडीने नदीकाठाने, सरोवराकाठाने काही दिवसांची सायकल सहल केली असेल, तर वेगाचं, थांबण्याचं, रुसण्याचं गणित कसं जमवलंत ते लिहा. जमलं नसेल तर तेही लिहा.

*

ताई, आमच्या बाबतीत मागे राहणारा मी. बायको लहानपणापासून सायकलवर, मी चाळिशीत सुरुवात केलेला.

आम्ही डॅन्यूबकाठाने पासाऊ ते व्हिएन्ना गेलो. सुमारे ३२० किलोमीटर, सात दिवस, प्रवाहाच्या दिशेने. पासाऊला तीन नद्या मिळतात. इन हिरवट दुधाळ, इल्झ काळसर आणि मधली डॅन्यूब. संगमाच्या टोकावर उभं राहिलं की तिन्ही रंग बराच वेळ वेगळे ओळखू येतात. नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ ची खूण बघायला मान वर करावी लागते.

दुसऱ्या दिवशी आमची ताटातूट झाली. या नदीला बऱ्याच ठिकाणी दोन्ही काठांना सायकलवाट आहे. सोय म्हणून उत्तम, पण आम्हाला तीच भोवली. माझ्या मागच्या चाकातली हवा गेली. ती पुढे निघून गेलेली. ट्यूब बदलून निघालो, नीडररान्नाचा पूल दिसला. रात्री नकाशा बघताना पलीकडच्या काठाने जायचं ठरलंय असं माझ्या डोक्यात होतं. तिच्या डोक्यात तसं काही नव्हतं. मी पूल ओलांडला, ती सरळ गेली. तिचा फोन माझ्या पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलला लावलेल्या पिशवीत.

पुढे श्लोगेनला नदी कठीण खडकाला अडून जवळजवळ उलटी फिरते. मी उजव्या काठाने तिथे पोचलो. ती नाही. पाणी बघायला गेलो तर समोरच्या काठावर, आऊ नावाच्या वस्तीपाशी, पिवळं जाकीट. डाव्या काठावरची वाट तिथेच संपते, पुढे डोंगर थेट पाण्यात उतरतो. ती तिथे तासभर बसून होती. मी हाक मारली. पाण्यावरून आवाज फार छान जातो. तिने ओरडून पहिलं काय विचारलं असेल तर, "पडलास का रे कुठे?"

मी फेरीबोटीने पलीकडे गेलो. काठावर उतरल्यावर ती काही बोलली नाही, माझे दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले, खरचटलंय का ते. चिडली असती तर बरं झालं असतं, इतकं मला वाईट वाटलं. त्या संध्याकाळी आम्ही नियम केला. पूल, फेरीचा धक्का आणि गावाची पाटी, या तीन ठिकाणी पुढच्याने थांबायचंच, मग मागचा दोनशे मीटरवर दिसत का असेना. आणि आपला फोन आपल्या अंगावर. व्हिएन्नापर्यंत तो नियम एकदाही मोडला नाही.

माउटहाउझेनला आम्ही वाट सोडून वर छळछावणीच्या स्मारकाकडे गेलो. ती आणि तिच्या उपछावण्या मिळून किमान ९०,००० माणसं तिथे मेली. दगडाच्या खाणीतल्या १८६ पायऱ्यांवरून कैद्यांना दगड वाहायला लावत. खाली आल्यावर नदी तशीच शांत वाहत होती आणि ते बघवत नव्हतं. त्या दिवशी कुणीच पुढे गेलं नाही. रस्ता मोकळा होता तिथे आम्ही शेजारी शेजारी चालवत राहिलो. नदीकाठची सहल म्हणजे नुसते द्राक्षमळे आणि चर्चचे मनोरे नाहीत. वेळ काढून तिथे जाच.

वाखाऊचं खोरं, मेल्क ते क्रेम्स, जेमतेम ३५-४० किलोमीटर. आम्ही त्याला मुद्दाम दोन दिवस दिले. श्पिट्झ आणि आर्न्सडोर्फच्या मध्ये एक फेरीबोट आहे, तिला इंजिन नाही. नदीवर वरून आडवी तार बांधली आहे. नावाडी सुकाणू वळवून प्रवाहाशी कोन साधतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. काही आवाज नाही. आम्ही सायकली घेऊन गेलो, आलो आणि पुन्हा गेलो.

*

मी ६४, हे ७१. यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सायकल संपली असं आम्ही धरूनच चाललो होतो. फिजिओथेरपिस्टने सायकल चालवायला सांगितलं, तेव्हा यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आम्ही जर्मनीतली मोझेल नदी निवडली. ट्रिअर ते कोब्लेन्झ, साधारण २०० किलोमीटर. नदी इतकी वळते की सकाळी समोर दिसलेला किल्ला दुपारी पाठीमागून दिसतो. बंधाऱ्यांमुळे पाणी संथ, वाट बहुतेक सपाट. यांच्यासाठी ई-बाइक भाड्याने घेतली, माझी साधी. विमानात ई-बाइकची बॅटरी नेता येत नाही, त्यामुळे तिथे भाड्याने घेणं हाच मार्ग. युरोपात या सायकलींची मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते, त्यामुळे हे भुर्रकन निघून जातील ही माझी भीती खोटी ठरली. उलट यांनीच मदत सगळ्यात कमी पायरीवर ठेवली.

दोन दिवसांनी आम्हाला एक युक्ती सुचली. सगळं सामान यांच्या सायकलवर. माझी सायकल मोकळी. मला चढावर दम कमी लागायला लागला आणि आपण ओझं होऊन आलो नाही, ओझं वाहतोय, हे यांना फार बरं वाटलं. हे मला यांनी पुष्कळ नंतर सांगितलं. वेगात फरक असेल त्यांनी सामान सारखं वाटून घेऊच नये. ज्याची ताकद जास्त त्याच्याकडे जास्त पिशव्या.

एक सावधगिरी. ई-बाइक पंचवीस किलोच्या आसपास भरते. स्टेशनवर लिफ्ट आहे ना हे आधी बघा. एका ठिकाणी नव्हती. दोन अनोळखी मुलांनी ती उचलून दिली म्हणून गाडी मिळाली.

*

मोझेलला आम्हीही गेलो होतो, पण टॅन्डेमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या एकाच सायकलवर. दोघांची पॅडल एकाच साखळीने जोडलेली, त्यामुळे मागे राहणं हा प्रकारच नाही. पण थांबायचं दोघांनी, पाय ताणायचे दोघांनी, पुढच्याने "खड्डा" म्हणायचं आणि मागच्याने विश्वास ठेवायचा. मागे मी होते. पहिले दोन दिवस मला समोर त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही असं वाटत होतं. मग लक्षात आलं की रस्त्याकडे बघायची जबाबदारी माझ्यावर नाहीच. त्यानंतर मी फक्त नदी बघितली. बगळे, मालवाहू बोटी, कडेला धुणं वाळत घातलेली माणसं, सगळं. त्याला यातलं अर्धंही दिसलं नाही. रात्री मी त्याला दिवसभर काय काय बघितलं ते सांगायची.

रेल्वेत टॅन्डेम नेता येईलच असं नाही. आधी विचारून ठेवा.

*

आमचं जमलं नाही, तरीही लिहितोय.

फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठाने समुद्राच्या दिशेने निघालो होतो. तिकडे वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे तोंडावर. सपाट रस्ता, समोरून वारा आणि रोज सत्तर किलोमीटर ठरवून आलेला मी. हा आकडा मी एकट्याने ठरवला होता, तिला विचारलंच नव्हतं. चौथ्या दिवशी तिने सायकल उभी केली आणि म्हणाली, "मला हे नको आहे. तुझ्यावर राग नाही, पण मला नको आहे." तिथून ती सायकल घेऊन लोकल गाडीने पुढच्या मुक्कामी जायची, गाव हिंडायची, मी संध्याकाळी पोचायचो.

मला अपमान वाटला होता. आज वाटत नाही. तिने विलाँद्रीच्या बागा सावकाश बघितल्या, मला त्या दारावरून दिसल्या. पुन्हा गेलो तर रोज चाळीसपेक्षा जास्त नाही आणि आकडा तिने ठरवायचा, एवढं मी तिला सांगितलं आहे. ती अजून हो म्हणालेली नाही. मी वाट बघतोय.

*

थोडं कोरडं पण उपयोगाचं लिहिते, कारण अर्धी भांडणं बुडाखालून सुरू होतात. पॅड असलेली चड्डी घालायची आणि आत दुसरं काही घालायचं नाही, नाहीतर शिवणी घासतात. घासणाऱ्या जागी पहिल्या दिवसापासून व्हॅसलीन. सीटची उंची भाड्याच्या सायकलवर स्वतः तपासा : पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. फार खाली सीट असेल तर दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो, आणि ज्याचा गुडघा दुखतो तो हळू चालवतो, मग "किती हळू!" हे ऐकून घेतो. माझ्या बाबतीत वर्षभर "ही हळू आहे" असं चाललं होतं. खरा दोष चार सेंटिमीटर खाली असलेल्या सीटचा निघाला.

बोडेनझेला जाणाऱ्यांसाठी : स्विस काठावर फ्रँक चालतात, आणि जर्मन चार्जरची जाड गोल पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. ॲडॉप्टर न्या. युरोपियन युनियनचं रोमिंगही स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही, तेवढं सिमकार्ड घेतानाच विचारा.

*

मूळ धाग्यातला "पाच मिनिटं" नियम वाचून आम्हाला दोघांनाही भरून आलं.

आम्ही ऱ्हाईनच्या उगमाकडून निघालो होतो. ओबरआल्प खिंडीपर्यंत रेल्वेने चढलो, २,०४४ मीटर, आणि तिथून नदीबरोबर खाली. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय मार्ग क्रमांक २, लाल पाट्या, चुकायला वाव कमी. वर ओढा असतो, खूर शहराच्या पुढे रुंद नदी, मग तीच बोडेनझेत शिरते, श्टाइन आम ऱ्हाईनपाशी नदी होऊन परत आपल्याला भेटते आणि शाफहाउझेनजवळ २३ मीटर खाली कोसळते. धबधब्यापाशी एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही हातवारे करून ठरवलं की आज इथेच मुक्काम.

सबंध वाटेत हा पुढे. पण मी दिसेनाशी झाले की परत फिरून यायचा, माझ्यामागून थोडं यायचा, पुन्हा पुढे. मी सांगितलं, नको येऊस, मी येते आहे. तरी यायचा. माझी चिडचिड व्हायची, वाटायचं माझ्यावर लक्ष ठेवतोय.

बाझेलला पोचल्यावर सायकली परत करण्याआधी दोघांचे मीटर बघितले. माझ्यावर ४१८, त्याच्यावर ४४६. मी म्हटलं तुझा बिघडलाय. तो म्हणाला, "नाही, बरोबर आहे तो."