अनुभव धागा: आमच्या गेममधली झाडं कोणी वाढवली?

मासुंदाकाठ

गेल्या रविवारी कासारवडवलीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा अकरावीत आहे. त्याने मोठ्या कौतुकाने 'एज ऑफ एम्पायर्स २' हा राज्य वसवून लढायचा कॉम्प्युटर गेम लावून दिला, २०१९ साली नव्या चित्रांत आलेली डेफिनिटिव्ह आवृत्ती. मूळ गेम १९९९चा. तो मी नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत, ताशी तीस रुपये मोजून, कॉलेजला दांड्या मारून खेळलोय.

बसलो आणि दहा मिनिटांत माझा लाकूडतोड्या हरवला. झाडं इतकी डेरेदार की मागे माणूस उभा आहे की नाही तेच कळेना. भाच्याने चित्र जवळ आणून दाखवलं, "मामा, किल्ल्याचा दगड न् दगड बघ." बघितला. किल्ला पडतानाही आता कसा तुकड्यातुकड्याने ढासळत जातो, सुरेखच आहे. पण मला दगड मोजायचे नव्हते हो, माझा माणूस हवा होता.

घरी येऊन हट्टाने जुना गेम कसाबसा चालू केला. ८०० बाय ६०० ठिपक्यांचं ते चित्र बघून मीच गप्प. इतकं खडबडीत होतं? माझ्या डोक्यात ते कधीच असं नव्हतं. पण जरा डोळा सरावला आणि लक्षात आलं की भालेवाला कोण, तिरंदाज कोण, घोडा कुठला, सगळं एका नजरेत ओळखू येतंय. २५६ रंगांत चित्रकाराला लाड करायला जागाच नव्हती.

म्हणून हा धागा. तुमचा गेम कुठला, तेव्हा कसल्या पडद्यावर खेळलात, आणि आज दोन्ही चित्रं समोर असतील तर कुठलं ठेवाल? 'आमच्या वेळी सगळं भारी होतं' एवढंच लिहायचं असेल तर आधी चहा घेऊन या.

सेक्टर_नऊ

वाशी, सिडकोची बिल्डिंग, तळमजला. आमच्याकडे टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता आणि त्याला जोडलेला टीव्ही गेम. पिवळ्या कॅसेटवर 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम' लिहिलेलं, आत मोजून सहा. मारिओ त्यातला एक.

रंग नसल्याचा एक फायदा झाला. मी आणि धाकट्या भावाने एका सुट्टीत शोध लावला की मारिओतलं झुडूप आणि वरचा ढग हे एकच चित्र आहे. आकार तोच, वळणं तीच. आम्ही झुडपाला 'पडलेला ढग' म्हणायचो. वरच्या मजल्यावर रंगीत टीव्ही होता, तिथल्या पोरांना हे पटेना. "अरे, ते हिरवं आहे, हे पांढरं आहे!" भांडणं झाली. पुढे कित्येक वर्षांनी वाचलं की १९८५च्या त्या गेममध्ये खरंच तसं आहे. कॅसेटमध्ये जागा कमी, म्हणून एकच चित्र दोनदा वापरलं, फक्त रंग बदलले. भावाला रात्री अकराला फोन केला.

कुठलं ठेवाल विचाराल तर, मी ब्लॅक अँड व्हाइटवालं ठेवतो. ते बनवणाऱ्यांनीही कधी बघितलं नसेल.

नेरूळची_ताई

मी उलट बाजूची. वय ४६, चष्मा प्रोग्रेसिव्ह. जुन्या गेममधली अक्षरं आजच्या मोठ्या मॉनिटरवर एक तर मुंगीएवढी दिसतात, नाहीतर फुगून पुसट. नवं चित्र आलं, अक्षरं मोठी करता आली, मी परत खेळायला लागले. संपला विषय.

आणि माझ्या भावाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. लहानपणी आम्हाला ते माहीतच नव्हतं. तो हिरवा, मी लाल. माझ्या सैनिकांवर क्लिक करकरून म्हणायचा, "हे ऐकतच नाहीत!" आम्ही त्याला वेंधळा ठरवून मोकळे. हल्ली बऱ्याच गेममध्ये रंगांधळेपणासाठी वेगळी रंगसंगती असते. जुन्या चित्राच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी एकदा त्याला विचारावं.

मासुंदाकाठ

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

कोपरखैरणेकर

'जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) सॅन अँड्रियास', मूळ २००४चा. मित्राकडच्या प्लेस्टेशन २वर, पावसाळ्यात, खाली रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना. २०२१मध्ये तीन जुने जीटीए नव्याने रंगवून आले तेव्हा पहिल्या दिवशी घेतले. नव्या चेहऱ्यांबद्दल जगभर इतकी टिंगल झाली की मी वेगळं लिहीत नाही.

माझी तक्रार धुक्याची. जुन्या गेममध्ये लांबचं काहीच दिसायचं नाही, सगळं नारिंगी धुरकट. प्लेस्टेशन २ची मेमरी ३२ एमबी, लांबची घरं काढणार कुठून? मग धुकं सोडायचं. पण त्या धुक्यामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं म्हणजे प्रवास वाटायचा. नव्यात धुकं काढलं. गेममधल्या माउंट चिलियाड डोंगरावर चढलो आणि सगळं जग एका नजरेत. हे शहर इथे, ते तिथे, मधे चार टेकड्या. एवढंसंच होतं? पहाटे पारसिक हिलवर चालायला जाणाऱ्यांना कळेल. खाडीवर धुरकट असतं तेव्हा पलीकडची मुंबई परदेश वाटते, आणि पावसाने हवा धुतली की वाटतं, अरे, हे तर समोरच आहे.

२०२४च्या शेवटी अपडेट आलं, त्यात जुन्या धाटणीचा प्रकाश परत निवडता येतो. मी तो लावला आणि त्या सेटिंगला परत हात लावलेला नाही.

पिक्सेलमजूर

मी हेच काम करतो. ऐरोलीत, कंपनीचं नाव सांगणार नाही. जुन्या गेमची टेक्स्चर, म्हणजे भिंती-कपड्यांवर चढवलेली चित्रं, नव्याने रंगवायची. लोकांना वाटतं चित्र मोठं करायचं, एवढंच. पण ६४ बाय ६४च्या चौकोनात जे असतं ते चित्र नसतं, सूचना असते. छातीवर चार पिवळे ठिपके आहेत. बटणं? पदकं? सांडलेलं वरण? जुन्या चित्रकाराला ठरवायची गरज नव्हती. मला आहे.

एकदा भिंतीवर एक तपकिरी डाग होता. मी दोन दिवस खपून तिथे ओल रंगवली, पोपडे सुटलेले, खाली बुरशी. ठाण्यातल्या चाळीत वाढलोय, ओल मला शिकवावी लागत नाही. टीमचा लीड खूश. आठवड्याने जुन्या चित्रकाराची मूळ स्केचेस आली. तो डाग म्हणजे कंदील टांगायची खुंटी आणि तिच्या वरची काजळी होती. ओल पुसून काजळी रंगवली. खरं सांगू? खेळणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिसरंच काहीतरी बघितलं असणार.

आणखी एक. ती चित्रं जुन्या मॉनिटरच्या काचेच्या ट्यूबसाठी काढलेली होती. ट्यूबवर शेजारशेजारचे दोन ठिपके एकमेकांत विरघळायचे, एक आड एक ठिपके दिले की मधला तिसरा रंग दिसायचा. आजच्या पॅनेलवर प्रत्येक ठिपका सुटा, धारदार. त्यामुळे धागाकर्ते, 'माझ्या डोक्यात ते खडबडीत नव्हतं' म्हणालात ना, ते सगळंच तुमच्या डोक्याचं कर्तृत्व नाही. मॉनिटरचाही वाटा आहे.

घोडबंदर_रात्रपाळी

'डायब्लो २', २०००चा. २०२१च्या 'रिसरेक्टेड' या नव्या आवृत्तीत कीबोर्डवरचं एक बटण आहे, 'जी'. दाबलं की जुनं चित्र, परत दाबलं की नवं. आतला खेळ तोच जुना चालतो, नवं चित्र फक्त वरून पांघरलेलं. मी ठरवून बसलो होतो की पूर्ण गेम जुन्या चित्रात खेळायचा. जी दाबलं आणि वाटलं मॉनिटर गेला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, सेकंदाला २५ फ्रेम. चार मिनिटं टिकलो.

आता नव्यातच खेळतो, पण दर थोड्या वेळाने जी दाबून बघतो. बायको म्हणाली, "दार लावलंय की नाही ते सारखं बघावं, तसं काय दाबतोस ते?"

कळवा_पूल

@घोडबंदर_रात्रपाळी, वहिनींना +१.

राजपुत्र_माजी

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया', एका मशीनवर पाच जण, पडदा एकरंगी. एका तासात राजकन्या सोडवायची, आणि आमचा तास असायचा पस्तीस मिनिटांचा. म्हणजे आमच्या हातून सुटणं जवळपास अशक्यच होतं, हे हिशेबाने कधी कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या राजपुत्राला नाक-डोळे नव्हते, पण तो कठड्याला लोंबकळला की आमचे हात दुखायचे. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली, १९८९च्या गेमसाठी. मेहनत सगळी चालीत. पुढच्या पिढ्यांतल्या राजपुत्रांना दंड आले, दाढी आली. बघायला छान. हात काही दुखले नाहीत.

मासुंदाकाठ

काल भाचा ठाण्यात आला होता. त्याला धागा वाचून दाखवला, झाडांचं माझं रडगाणंही. तो हसायलाच लागला. लॅपटॉप उघडला, त्याचा स्वतःचा गेम लावला. जंगलात झाडं नाहीतच, नुसते गुडघ्याएवढे खुंट. मागचा प्रत्येक माणूस लख्ख दिसतोय. म्हणाला, "छोट्या झाडांचा मॉड आहे, खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेला बदल, फुकट मिळतो. सिरियसली खेळणारे कितीतरी जण हाच लावतात. मीपण."

मग त्या दिवशी?

"तू येणार होतास ना, म्हणून मुद्दाम मोठी लावून ठेवली होती."